टर्बो सर्वांत शेवटी

कमी पैशांत जास्त ताकदीचे इंजिन बांधायचे म्हटले की यादीत पहिले नाव टर्बोचे येते. जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एखादा टर्बो उचलायचा, लेथवाल्याकडून फ्लँज करून घ्यायचा, पाइपांना वेल्डिंग मारायचे आणि चावी फिरवायची, असा तो सोपा बेत असतो. यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा या गावांत हात बसलेल्या मिस्त्रींची वाण नाही आणि गाड्यांचे वेड असलेल्या पोरांचीही नाही. त्यामुळे असा बेत कागदावरून गॅरेजात उतरायला वेळ लागत नाही. माझे म्हणणे असे, की ज्याच्या हाताशी पैसा बेताचा आहे त्याने ही यादी उलट्या क्रमाने लिहावी. आधी इंजिनाची तब्येत, मग उष्णतेचा बंदोबस्त, मग ऑइल आणि धूळ, मग इंधन, आणि हे सगळे जमले तर टर्बो. ज्याच्याकडे भरपूर पैसा आहे त्याने क्रम चुकवला तर त्याचे एक इंजिन जाते; तो दुसरे आणतो. बेताच्या पैशावाल्याचे एक इंजिन गेले की सगळा बेतच संपतो. म्हणून खरेदीचा क्रम हीच कमी खर्चातल्या टर्बो इंजिनाची खरी आखणी आहे, आणि यवतमाळसारख्या तापणाऱ्या, धुळीच्या जिल्ह्यात तर ती दुप्पट खरी आहे.

हे पटण्यासाठी टर्बो नेमके काय करतो ते आधी पाहू. इंजिनाची ताकद ते किती हवा आत घेते यावर ठरते, कारण इंधन हवेच्या प्रमाणातच जळते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. जास्त इंधन ओतणे कोणालाही जमते. जास्त हवा कोंबणे अवघड असते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना बाहेरच्या हवेच्या दाबाने जेवढी हवा आत शिरेल तेवढ्यावर भागवते. टर्बोमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एका चक्राला फिरवतो आणि दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवते. वाया जाणाऱ्या धुरातली ऊर्जा अशी कामाला लावण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांनी 1905 मध्ये मिळवले. आज वणीच्या खाणींतून कोळसा वाहणारे किंवा राष्ट्रीय महामार्ग 44 वरून पांढरकवड्यामार्गे हैदराबादकडे जाणारे ट्रक घ्या, त्यांच्यात टर्बो नसलेला ट्रक शोधूनच काढावा लागेल. मोटारींतही तेच. एकेकाळी अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसणारे 1248 सीसीचे फियाटचे डिझेल इंजिन साध्या टर्बोसह 75 अश्वशक्ती देत असे, आणि पाती हलवून वाऱ्याची वाट बदलणाऱ्या टर्बोसह तेच इंजिन 90 देत असे. असे आकडे पाहिले की ताकद टर्बोतच भरलेली आहे असे वाटू लागते. पण टर्बो ताकद देत नाही, तो दाबलेली हवा देतो, आणि दाबलेली हवा ही गरम हवा असते.

किती गरम, याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा बाहेरच्या दाबाच्या दीडपट दाब करायचा आहे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत अर्धा बार बूस्ट. टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर 25 अंशांची हवा दाबून बाहेर पडताना सुमारे 77 अंशांची होते. आता यवतमाळचा मे महिना घ्या. बाहेर 45 अंश असतील, तर तीच हवा सुमारे 101 अंशांवर जाऊन पोचते. एअर फिल्टर बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे उघडा ठेवला असेल आणि तिथली हवा 60 अंशांची असेल, तर इंजिनात शिरणारी हवा 118 अंशांच्या आसपास जाते. आता यातला तोटा पाहा. गरम हवा विरळ असते. दाब दीडपट झाला म्हणून हवा दीडपट शिरली असे होत नाही. 45 अंशांच्या दिवशी हवेचे वजन जेमतेम 27 टक्क्यांनी वाढते. दाबाच्या काट्यावर 50 टक्के वाढ दिसते, हातात निम्मीच पडते. आता त्याच हवेला इंटरकूलरमधून नेऊन 60 अंशांपर्यंत थंड केले, तर वाढ 43 टक्क्यांवर जाते. टर्बो तोच, दाब तोच. फरक फक्त हवा थंड करण्याचा. विदर्भातल्या उन्हाळ्यात इंटरकूलरला ऐच्छिक वस्तू मानणे म्हणजे टर्बोसाठी दिलेल्या पैशातला मोठा वाटा परत देऊन टाकणे.

गरम हवेचा दुसरा तोटा आणखी महागाचा आहे, आणि तो पेट्रोल इंजिनालाच जास्त जाचतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्वाळा एका बाजूने सरकत जाते. आतला वायू फार तापलेला आणि दाबलेला असेल, तर ज्वाळा पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते. यालाच इंजिन नॉक करते असे आपण म्हणतो. हातोडी मारल्यासारखा येणारा तो आवाज म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर आणि रिंगांच्या मधल्या पट्टीवर बसणारे घाव असतात. बूस्टखाली हे थोडा वेळ चालले तरी रिंगेची पट्टी तुटते किंवा पिस्टनला भोक पडते. हे टाळायला तीन उपाय आहेत: हवा थंड ठेवणे, ठिणगी थोडी उशिरा टाकणे आणि नॉक सोसणारे इंधन वापरणे. देशात आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा, 108 च्या आसपास असतो, आणि बाष्पीभवन होताना ते आजूबाजूची उष्णताही जास्त शोषते. टर्बो लावणाऱ्याला ही गोष्ट सोयीची आहे. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. शिवाय जुन्या गाडीतले काही रबरी नळ आणि सील त्याने खराब होतात. म्हणजे इंधनाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने जादा इंधनव्यवस्थेचा खर्च मागितला. तो खर्चही टर्बोच्या आधी यादीत यायला हवा.

पण यादीच्या अगदी वर असायला हवे ते इंजिन स्वतः. टर्बो दुबळ्या इंजिनाला बळ देत नाही. दुबळेपण उघडे पाडतो. म्हणून पहिला खर्च कॉम्प्रेशन तपासण्याचा. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ नसतील, ऑइल जळत असेल, हेडमध्ये पाणी झिरपत असेल, तर बेत तिथेच थांबवून आधी इंजिन उतरवावे. बोअर करणे, क्रँक घासणे, नवे बेअरिंग, व्हॉल्व्ह बसवणे, हेडचा फेस मारणे ही कामे जिल्ह्यातल्या मिस्त्रींच्या हातची आहेत. त्यासाठी महानगर गाठावे लागत नाही. टर्बोसाठी यात थोडीच भर पडते, पण तीच मोलाची. पिस्टन रिंगांच्या टोकांमधली फट नेहमीपेक्षा किंचित जास्त ठेवावी, कारण जास्त तापलेली रिंग फुगते आणि टोके भिडली की सिलिंडर ओरबाडते. हेड गॅस्केट धातूच्या अनेक थरांचे वापरावे. स्पार्क प्लग एक पायरी थंड प्रकारचा घ्यावा आणि त्याची फट कमी ठेवावी. आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन रेशो किती आहे ते पाहावे. साधी पेट्रोल इंजिने आता 10 ते 11 च्या आसपास असतात. घरगुती टर्बोला 9 च्या आसपासचे इंजिन मानवते. म्हणजे निवडीच्या वेळी आजची, जास्त आवळलेली इंजिने सोडून जुनी, मोकळी इंजिने शोधण्यात शहाणपण आहे.

यावर कोणी म्हणेल, कंपन्या तर छोट्या इंजिनाला टर्बो लावून दुप्पट ताकद काढतात. खरे आहे; पण त्या ते कसे काढतात हेही पाहावे. भारतात 1983 मध्ये आलेली मारुती 800 ज्या सुझुकी कुटुंबातली, त्याच कुटुंबातल्या अल्टो वर्क्स या गाडीतून सुझुकीने जपानमध्ये 1987 साली 543 सीसीच्या इंजिनातून 64 अश्वशक्ती काढली. आपली 800 त्याहून मोठ्या, 796 सीसीच्या इंजिनातून तेव्हा 40 च्या आतच होती. नुसता आकडा पाहिला तर टर्बोने चमत्कार केला असे वाटते. पण त्या जपानी इंजिनाच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट होते, तीन सिलिंडरांना बारा व्हॉल्व्ह होते, कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन होते आणि टर्बोसोबत इंटरकूलर होता. म्हणजे सुझुकीने टर्बो बसवला तो इंजिनाचा सगळा वरचा भाग आणि इंधनव्यवस्था नव्याने रचून. ते सगळे सोडून केवळ टर्बो आपल्या 800 वर बसवणारा सुझुकीची नक्कल करत नाही. तो त्या गाडीतला एकच भाग उचलतो आणि त्याला उभे करणारे बाकीचे मागे ठेवतो. विहिरीला झरा नसताना पाच अश्वशक्तीचा पंप बसवण्यासारखेच हे आहे.

आता ऑइल आणि धूळ. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक, कधी दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. तो बहुतेक टर्बोंत बॉलबेअरिंगवर नव्हे, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण भारावर 900 अंशांच्या आसपास असतो, आणि त्याच धुरात लाल होणाऱ्या चक्रापासून काही सेंटीमीटरवर हा ऑइलचा थर असतो. म्हणून ऑइल चांगल्या सिंथेटिक दर्जाचे हवे, ते बदलण्याचे अंतर कमी हवे, टर्बोला ऑइल नेणारी नळी बारीक चालते पण परत आणणारी रुंद, उताराची आणि वळणे नसलेली हवी. जोरात चालवून आल्यावर लगेच चावी बंद न करता इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवावे, नाहीतर थांबलेले ऑइल दांड्याभोवती जळून कोळसा होते. धुळीचे तसेच. या वेगाने फिरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बारीक कण आदळले की कडा झिजतात. काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ आणि वणीकडची कोळशाची भुकटी हे दोन्ही त्या कामाला पुरेसे आहेत. दिसायला झोकदार उघडा फिल्टर बसवण्यापेक्षा कंपनीचा बंद डबा, त्यातला कागदी फिल्टर आणि बाहेरची थंड हवा आणणारा पाइप जास्त कामाचा आहे, आणि तो स्वस्तही पडतो. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा प्रत्येक क्लँप घट्ट आहे की नाही हे पाहायला पैसे लागतच नाहीत.

इंधनाचा हिशेबही टर्बोच्या आधी मांडता येतो. पेट्रोलवर 100 अश्वशक्ती हवी असेल, तर बूस्टखाली तासाला साधारण 27 किलो पेट्रोल लागेल, म्हणजे मिनिटाला सुमारे 600 मिलिलिटर. चार इंजेक्टरांत वाटले आणि इंजेक्टर 80 टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असे धरले, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला 190 मिलिलिटर देणारा लागतो; इथेनॉलमुळे सुमारे 8 टक्के वाढवून 205 धरावा. साध्या गाडीचा इंजेक्टर तेवढा देऊ शकत नसेल, तर बूस्ट वाढताना मिश्रणात इंधन कमी पडत जाते आणि तापमान चढते, आणि हे गाडी जोरात पळत असताना घडत असल्यामुळे चालवणाऱ्याला कळतही नाही. म्हणून मोठे इंजेक्टर, पंपाचा पुरेसा दाब, इंधन आणि ठिणगी दोन्ही बूस्टप्रमाणे बदलू शकणारा इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण दाखवणारा सेन्सर, हे चार खर्च टाळता येत नाहीत. यातला शेवटचा तर सर्वांत आधी घ्यावा. मिश्रण मोजता येत नसेल तर ट्यूनिंग म्हणजे अंदाज, आणि अंदाज चुकला की त्याची किंमत पिस्टन मोजतात.

एवढे झाल्यावर टर्बो निवडायचा, आणि इथेही स्वस्ताची ओढ फसवते. जुन्या डिझेल गाडीचे टर्बो मुबलक आणि स्वस्त मिळतात, म्हणून ते पेट्रोल इंजिनाला लावायचा मोह होतो. डिझेलचा धूर पेट्रोलच्या धुराइतका तापत नाही, त्यामुळे अनेक डिझेल टर्बोंचे, विशेषतः हलत्या पात्यांच्या टर्बोंचे, धातू पेट्रोलच्या धुरासाठी बनवलेले नसतात. पाती अडकतात, घरे तडकतात. टर्बो मोठा घेण्याचीही सवय असते. मोठा टर्बो वेगाला यायला वेळ घेतो, आणि बेताच्या इंजिनाला बराचसा काळ तो ओझेच ठरतो. इंजिनाला लागणारी हवा आधी मोजून, तेवढ्या हवेला चांगल्या कार्यक्षमतेने दाबणारा छोटा टर्बो घ्यावा, आणि त्याच्यासोबत धुराची वाट उघडून दाब मर्यादेत ठेवणारा वेस्टगेट तपासून घ्यावा. वेस्टगेट अडकला तर दाब कुठे थांबेल हे कोणीच सांगू शकत नाही.

गावातला मुख्य आक्षेप मात्र डिझेलवाल्यांकडून येतो. ट्रॅक्टरचा पंप खोलून डिझेल वाढवायचे, स्क्रू आवळायचा. गाडी ओढते, काळा धूर निघतो आणि काही होत नाही, मग एवढा हिशेब कशाला? यात अर्धे खरे आहे. बिनटर्बोचे डिझेल इंजिन नेहमीच गरजेपेक्षा जास्त हवा आत घेते, म्हणून काही मर्यादेपर्यंत डिझेल वाढवले की ताकद वाढते. काळा धूर दिसायला लागला की ती मर्यादा संपली. त्यापुढचे डिझेल हवेअभावी अर्धवट जळून काजळी होते आणि धुराचे तापमान चढते. शेतात नांगर ओढणारा ट्रॅक्टर तासन्‌तास पूर्ण भारावर असतो. ते तापमान पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व्ह एका दिवसात खात नाही, एका हंगामात खाते, आणि म्हणून दोष पंपाचा दिसत नाही. अशा इंजिनाला छोटा टर्बो लावून डिझेल न वाढवले, तर धूर उलट कमी होतो. पण टर्बोही लावायचा आणि स्क्रूही आवळायचा म्हटले, तर 17-18 च्या कॉम्प्रेशनवर चालणाऱ्या इंजिनात दाब एवढा चढतो की हेड गॅस्केट आणि बेअरिंग जाऊ लागतात. कंपन्यांच्या टर्बो डिझेल इंजिनांत पिस्टनच्या खालून ऑइलचा फवारा मारण्याची सोय असते, ती तापणारा पिस्टन थंड ठेवण्यासाठीच.

दुसरा आक्षेप पैशाचाच आहे: एवढे सगळे आधी करायचे तर टर्बोसाठी उरणार काय? याचे उत्तर म्हणजे मागणी कमी करणे. अर्धा बारऐवजी 0.3 बारचा बेत करून पाहा. 45 अंशांच्या दिवशी कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा 101 ऐवजी 80 अंशांची होते. इंटरकूलरने ती 60 अंशांवर आणली तर हवेचे वजन 24 टक्क्यांनी वाढते. म्हणजे थंड केलेल्या 0.3 बारचा फायदा थंड न केलेल्या अर्ध्या बारच्या जवळपास बसतो, आणि नॉकचा धोका तुलनेने बराच कमी राहतो. पिस्टन बदलावे लागत नाहीत, गॅस्केट टिकते. दाबाचा काटा कमी दाखवतो म्हणून बिचकणाऱ्याने लक्षात घ्यावे की ताकद काट्यात नसते, शिरलेल्या हवेच्या वजनात असते. वाटणीचा अंदाज हवा असेल तर शंभर रुपयांतले 35 इंजिनाच्या डागडुजीला, 20 रेडिएटर, इंटरकूलर आणि ऑइल थंड ठेवण्याला, 20 इंधन, कॉम्प्युटर आणि मोजमापाच्या साधनांना, 15 टर्बो, मॅनिफोल्ड आणि पाइपांना, आणि 10 चुकांसाठी राखून ठेवावेत, असे मी सुचवीन. शेवटच्या दहावर हात टाकावा लागला नाही असा बांधकामाचा बेत क्वचितच असतो. आणि हे सगळे नकोच असेल, तर कंपनीने टर्बोसाठीच बनवलेले, ऑइल फवारे, इंटरकूलर आणि कॉम्प्युटरसह सबंध जुने इंजिन घेणे हा सर्वांत प्रामाणिक स्वस्त मार्ग आहे. त्यात कारागिरी उरत नाही असे कोणाला वाटेल. पण वायरिंग, माउंटिंग, थंडावा आणि गिअरबॉक्सशी जुळवणे एवढी कारागिरी त्यात भरपूर उरते.

मात्र हे इंजिन कोणत्या गाडीत आणि कुठे चालवायचे हा प्रश्न बाजूला टाकता येत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीपत्रातला तपशील वेगळा पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतरच्या कलम 182 अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एमएच 29 ची पाटी लावून गॅरेजमध्ये टर्बो चढवलेली गाडी रस्त्यावर आणली, तर दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे: अपघात झाला आणि न कळवलेला बदल उघड झाला, तर नुकसानभरपाईचा दावा अडकू शकतो आणि बोजा मालकावर पडू शकतो. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन जुन्याच ताकदीचे ठेवून इंजिन वाढवलेली गाडी रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवाशीही खेळते. कायदा इथे कारागिराचा शत्रू नाही. तो फक्त सांगतो की हा प्रयोग रस्त्यावर करू नका.

रस्त्याबाहेर करायचा तर सर्वांत चांगली जागा अभियांत्रिकी महाविद्यालयांची आहे, आणि जिल्ह्यात ती आहेत. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय तर 1983 पासूनचे. देशात विद्यार्थ्यांसाठी बाहा आणि सुप्रा या एसएई इंडिया या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या स्पर्धा आणि फॉर्म्युला भारत अशा स्पर्धा होतात. बाहाच्या पेट्रोल प्रकारात सगळ्यांना एकच 10 अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागते आणि त्याला हात लावता येत नाही. टर्बोचा प्रश्नच नाही. सुप्रा आणि फॉर्म्युला भारत या फॉर्म्युला प्रकारात मात्र 710 सीसीपर्यंतचे इंजिन चालते आणि टर्बोही चालतो. अट एवढीच की सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एका भोकातून गेली पाहिजे, आणि टर्बो असेल तर हे भोक कॉम्प्रेसरच्या आधी हवे. त्या भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने वाहू लागली की पुढे काहीही केले तरी सेकंदाला सुमारे 74 ग्रॅमपेक्षा जास्त जात नाही. पुण्याजवळ चाकणला बनलेले केटीएमचे 373 सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 9000 फेऱ्यांवर सेकंदाला साधारण 30 ग्रॅम हवा घेते. म्हणजे भोकाची निम्म्याहून अधिक क्षमता वापराविना पडून राहते, आणि टर्बोला खरे कारण इथेच मिळते. त्याउलट 600 सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन ते भोक स्वतःच जवळपास भरून टाकते. तिथे टर्बोने मिळणारी भर खर्चाच्या मानाने थोडी असते. केटीएमच्या त्या इंजिनाचे कॉम्प्रेशन 12 च्या वर असल्यामुळे टर्बोसाठी ते उतरवावे लागेल आणि बूस्ट जेमतेम ठेवावा लागेल, हेही त्याच हिशेबात धरायचे. या स्पर्धांत सर्वाधिक गुण लांब पल्ल्याच्या सुमारे 22 किलोमीटरच्या फेऱ्यांना असतात आणि खर्चाच्या आखणीलाही स्वतंत्र गुण असतात. टर्बो लावून सरळ रेषेत जोरात पळणारी पण मध्येच तापून थांबणारी गाडी तिथे हरते. परीक्षक जे मागतात तेच या लेखाचेही म्हणणे आहे: ताकद टिकली पाहिजे.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या काळात हे सगळे कशाला, असा प्रश्न कोणी विचारेल. यवतमाळपुरते उत्तर सोपे आहे. कोळसा, सिमेंट आणि कापूस वाहणारे ट्रक आणि शेतातले मोठे ट्रॅक्टर अजून बरीच वर्षे टर्बो डिझेलवरच चालतील. उन्हाळ्यात टर्बो का जातो, ऑइल का जळते, इंटरकूलरमध्ये गळती कुठे आहे हे ओळखणाऱ्या मिस्त्रीला जिल्ह्यात काम कमी पडणार नाही. बेताच्या पैशात, मोजमाप करत, एक टर्बो इंजिन नीट बांधणे हा त्या कामाचा उत्तम अभ्यास आहे. तो आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या वर्कशॉपमध्ये व्हावा, प्राध्यापकांनी मिस्त्रींना त्यात बोलवावे आणि मुलांनी त्यांच्याकडून शिकावे. आणि ज्याला स्वतःच्या गॅरेजमध्ये हे करायचे आहे त्याने आज एकच गोष्ट करावी: बाजारात टर्बोची किंमत विचारण्याआधी आपल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. तो आकडा चांगला निघाला तरच पुढची यादी लिहायला घ्यावी, आणि त्या यादीत टर्बोचे नाव शेवटच्या ओळीवर ठेवावे.